माझ्या मागून म्हणा

"प्रार्थना तू म्हणशील?" निंभोरकर गुरुजींनी विचारलं.

मी ऑफिसच्या दारात उभी होते. टेबलावर नवा पृथ्वीचा गोल होता, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. भिंतींना ताजा चुना होता. परवा शिक्षणाधिकारी येणार होते, आमची शाळा जिल्ह्यातली आदर्श शाळा ठरते की नाही ते बघायला. आणि ज्या सुलभा ढोलेच्या गळ्यावर गुरुजींनी तीन वर्षं मेहनत घेतली होती, तिला नेमकं गालगुंड झालं होतं.

"कोणती प्रार्थना गुरुजी?"

"शारदामातेची. दुसरी कोणती?" त्यांनी कागद पुढे केला. "नवी रचली आहे. पाचच ओळी. तुला पाठ करायला अर्धा तास पुरे."

मी सातवीत होते. परिपाठात मी प्रतिज्ञा सांगत असे, बातम्या वाचत असे, फळ्यावर सुविचार लिहीत असे, पंधरा ऑगस्टला समूहगीतात पुढे उभी राहत असे. पण देवीची प्रार्थना सात वर्षांत एकदाही म्हटली नव्हती. आमचं घर महानुभाव पंथाचं. आम्ही श्रीकृष्णाला मानतो, दत्तात्रेयाला मानतो, चक्रधरस्वामींना मानतो. पंथाने सांगितलेल्या पाच रूपांपलीकडे कुणापुढे हात जोडत नाही आणि दुसऱ्या देवाचा प्रसाद तोंडात घालत नाही. गणपतीत शेजारून ताट आलं की आई "दंडवत प्रणाम" म्हणून हसतमुखाने परत पाठवायची. गावाला याची सवय होती. निंभोरकर गुरुजींना नव्हती.

"म्हणते," मी म्हटलं.

गुरुजींनी चष्मा काढला. "घरी विचारायचं नाही का?"

"नाही गुरुजी."

"शाबास! शारदेने शेवटी तुला बुद्धी दिली म्हणायची." ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी मान खाली घातली, कारण माझं तोंड त्यांना दिसू नये असं मला वाटत होतं. तीन महिने मी या माणसाचा सूड कसा घ्यायचा याचाच विचार करत होते. सायकलची हवा तीनदा सोडून झाली होती, खडूच्या डब्यात मुंगळे घालून झाले होते, पण त्याने पोट भरत नव्हतं. आणि आता त्यांनीच मला आयतं ताटात वाढून दिलं होतं.

झालं होतं ते असं. माझी धाकटी बहीण उमा दुसरीत होती. दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत पाटीपूजन असे. पोरं पाटीवर सरस्वती काढत, झेंडू वाहत, आणि मग गुरुजी वर्गावर्गात फिरून स्वतःच्या हाताने मुरमुरे-खोबऱ्याचा प्रसाद देत. उमीने हात मागे घेतले. "नोको गुरुजी," म्हणाली. गुरुजींना वाटलं, पोर लाजते आहे. त्यांनी पुन्हा दिला. तिने पुन्हा नको म्हटलं आणि वर सांगितलं, "आमच्यात चालत नाई." तेव्हा गुरुजींचा तोल गेला. त्यांनी तिचा जबडा धरला, अंगठ्याने गाल दाबून तोंड उघडलं, मूठभर प्रसाद आत कोंबला आणि ती गिळेपर्यंत तोंडावर हात दाबून ठेवला. वर्ग हसला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी तेव्हा मैदानात फाटकाला माळा बांधत होते. हे मला उमीने घरी जाताना सांगितलं, ओढ्यापाशी, घशात बोटं घालून ओकता ओकता.

त्या दिवसापासून ती शाळेत तोंड उघडेना. पाढे म्हणायची पाळी आली की ओठ घट्ट मिटून उभी राहायची. बाईंनी छडी दाखवली तर पाटीवर उत्तर लिहून दाखवायची. उत्तर बरोबर असायचं, पण तोंड बंद. घरीसुद्धा कुणी समोर बसलं असेल तर घास घ्यायची नाही. आई ताट वाढून चुलीकडे तोंड करून बसायची, तेव्हा ती जेवायची. सात वर्षांचं लेकरू. मला तिच्याकडे बघवत नसे, आणि तिच्याकडे बघितलं की मला गुरुजींचा अंगठा दिसे.

माझे वडील दामोदर टेलर. गावात शिवणाचं एकच दुकान, ते आमचं, घराच्या ओसरीतच. बाबा आठवडाभर गप्प राहिले आणि मग एका सकाळी मला घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत.

"गुरुजी, लेकरू लय भेलं जी," बाबा म्हणाले. "तुमी एक डाव तिच्यासमोर म्हना, चुकलं म्हनून. बस, मंग मी काही बोलत नाई."

"चुकलं? कुणाचं?" गुरुजी खरोखर चकित झाले होते. "दामोदरराव, सरस्वती हा काय धर्म आहे? ती विद्या आहे. विद्येचा प्रसाद नाकारायचा आणि विद्या घ्यायला यायचं, हे कसं जमायचं?"

"प्रसाद देवाचा असते जी."

"बघा, मी सगळ्या पोरांना सारखं मानतो. म्हणूनच सांगतो, घरचा धर्म घरी. चपला बाहेर काढतो तसा तो शाळेच्या दारात काढून यायचं."

'मग तुमचा तुम्ही कुठे काढला?' हे उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं. त्या वेळी मी नुसती दात ओठ खात उभी होते. बाबांनी हात जोडले आणि आम्ही परत आलो.

गुरुजी वाईट शिक्षक होते असं मी म्हणणार नाही, म्हणावंसं वाटतं तरी. रविवारी येऊन ते चौथीच्या पोरांची स्कॉलरशिपची तयारी करून घ्यायचे. अपूर्णांक शिकवावेत तर त्यांनीच. पण त्यांना एकदा वाटलं की आपला अपमान झाला, की झालं. दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी त्यांनी मला चिठ्ठी दिली. फळ्यावर 'आजची म्हण' लिहायचं काम माझं होतं, माझं अक्षर चांगलं म्हणून. चिठ्ठीत लिहिलं होतं: करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.

मानभाव म्हणजे आम्ही. मी चिठ्ठी वाचली, गुरुजींकडे बघितलं आणि लिहिली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून. मग गुरुजींनी दोनशे पोरांना तिचा अर्थ समजावून सांगितला. "गोड बोलायचं आणि करायचं भलतंच, अशा माणसांना आपल्याकडे असं म्हणतात," ते म्हणाले आणि शेवटच्या शब्दावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं म्हणून सगळ्यांनी बघितलं. त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला याच मैदानात, याच रांगांसमोर माफी मागायला लावीन. नाही लावली तर नाव देवकी सांगणार नाही.

आता आमच्या शाळेच्या प्रार्थनेची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच घडलं. गुरुजी कवी होते. दर महिन्याला नवी प्रार्थना रचायचे, चालही त्यांचीच. पोरांना ती पाठ व्हायच्या आत महिना संपायचा. त्यामुळे पुढे उभं राहणारीने आधी "माझ्या मागून म्हणा" असं म्हणायचं, मग एकेक ओळ गायची, आणि शाळेने ती जशीच्या तशी मागून गायची. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मधे कुणी डोळे उघडायचे नाहीत, हलायचं नाही, थांबायचं नाही. एकदा पहिलीच्या रांगेत विंचू निघाला होता. पोरं जागच्या जागी थरथरत राहिली, पण प्रार्थना पुरी झाली, आणि गुरुजी पुढे सहा महिने ते सगळ्यांना सांगत होते. शब्दांकडे कुणाचं लक्ष नसे. शेख गफूरचा सलीम, वरच्या वस्तीतली गौतम आणि सुजाता, मी, उमी, आम्ही नुसते ओठ हलवायचो. बाकीची गायची खरी, पण काय गातो ते त्यांनाही ठाऊक नसे. आम्ही काय गातो ते कुणी कधी विचारतही नसे.

साहेबांसमोर गुरुजींना हीच शिस्त दाखवायची होती. म्हणून त्यांनी नव्या प्रार्थनेचे शब्द कुणालाच सांगितले नव्हते. आठवडाभर नुसती चाल घोटून घेतली होती, "ना ना ना" करून. चाल मात्र फार गोड होती. पोरं पाणी भरतानासुद्धा ती गुणगुणायची.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा मशीनवर होते. मशीनवर पांढरा टेरिकॉटचा शर्ट होता.

"कोनाचा?" मी विचारलं.

"निंभोरकर गुरुजीचा. परवा साहेब येऊन रायले ना."

"तुमी त्याईचा शर्ट शिवून रायले?"

"गिऱ्हाईक आहे बाई." बाबांनी दोरा दाताने तोडला. "शर्टानं काय केलं?"

"बाबा, मी परवा प्रार्थना म्हनतो. देवीची."

मशीन थांबलं. आत आईचा हात भाकरीवर थांबला असणार, कारण थापण्याचा आवाज बंद झाला. उमी कोपऱ्यात बटणं वेगळी करत बसली होती, तिने वर बघितलं.

"काहून?" बाबांनी विचारलं.

"गुरुजीनं सांगतलं."

"अन् तू हाव म्हनलं?"

"हाव."

बाबांनी मला नीट निरखलं. "देवका, तुया मनात काय आहे ते मले माहीत नाई. पन राग धरनं हेबी हिंसाच आहे. आपल्या स्वामीनं काय सांगतलं?"

"मले राग नाई आला."

"मंग तुये हात काहून थरथरून रायले?"

मी हात मागे घेतले आणि आत निघून गेले. बाबांनी पुढे काही विचारलं नाही. ते तसेच होते. त्यांच्या अंगात राग नव्हता, तो सगळा माझ्या वाट्याला आला होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गुरुजींच्या कागदामागे मी माझ्या ओळी लिहिल्या, त्यांच्याच चालीवर, मात्रा मोजून. त्यांनीच शिकवलं होतं मात्रा मोजायला. दुपारपर्यंत पाच ओळी झाल्या. मी कागद चुलीत टाकला आणि तेव्हा मला भूक लागली.

साहेब साडेदहाला आले. तायडे साहेब, उंच, सावळे, फारसं न बोलणारे. बरोबर सरपंच आणि केंद्रप्रमुख. गुरुजी नव्या शर्टात होते. शर्ट छान बसला होता. बाबांचं माप चुकत नसे.

राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. मग गुरुजी माईकवर आले.

"साहेब, आता जी प्रार्थना होईल ती या मुलांनी आजवर ऐकलेली नाही. आज पहिल्यांदा ऐकतील आणि एका सुरात म्हणतील. काहीही झालं तरी आमच्या शाळेची प्रार्थना मधे थांबत नाही. आपणही मागून म्हणावी ही विनंती." मग हळूच, पण माईकला ऐकू जाईल इतपत, "आज म्हणणारी मुलगी महानुभावांच्या घरची आहे. आमच्याकडे भेदभाव नाही."

साहेबांनी मान हलवली आणि हात जोडले. दोनशे पोरांनी हात जोडले, डोळे मिटले. गुरुजींनीही मिटले. मी एकटीच डोळे उघडे ठेवून उभी होते.

"माझ्या मागून म्हणा," मी म्हटलं. आणि गायला लागले.

"दसऱ्याच्या पाटीपूजेला, दुसरीची ती रांग."

"दसऱ्याच्या पाटीपूजेला, दुसरीची ती रांग," शाळेने म्हटलं. साहेबांचे ओठ हलले. सरपंचांचा जाडा आवाज तर वेगळा ऐकू येत होता. गुरुजींच्या कपाळावर एक आठी आली. त्यांची पहिली ओळ 'शारदे तव अंगणी' अशी होती. त्यांना वाटलं असणार, पोर घाबरली, ओळ विसरली, सावरून घेईल.

"नको म्हणाली एक पोरगी, गुन्हा कोणता, सांग."

शाळेने तेही म्हटलं. एका सुरात, काय सुंदर म्हटलं! गुरुजींचे डोळे उघडले.

"गुरुजींनी धरला जबडा, कोंबली मूठ तोंडात."

"गुरुजींनी धरला जबडा," शाळा म्हणाली. मागच्या रांगांतले काही आवाज गळाले, पण पहिली ते चौथी अगदी मन लावून गात होती, हात जोडून, डोळे मिटून. दुसरीच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजी माझ्याकडे निघाले होते. दोन पावलं आले आणि थांबले, कारण साहेबांनी डोळे उघडले होते आणि ते त्यांच्याचकडे बघत होते. थांबवावं तर प्रार्थना मधे थांबत नाही असं आत्ताच सांगून बसले होते. न थांबवावं तर पुढे काय येईल ते ठाऊक नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. तो बघून मला असं काही चढलं की विचारू नका.

"भिजला फ्रॉक तिचा उभ्याने, तशीच बसली वर्गात."

शाळेने म्हटलं. गुरुजींचा खालचा ओठ थरथरला. मला तो आणखी थरथरलेला हवा होता. ओळ एकदाच म्हणायची रीत होती, पण मी तीच ओळ पुन्हा म्हटली, आणखी मोठ्याने. शाळेनेही ती पुन्हा म्हटली, आणखी मोठ्याने.

"हात जोडुनी सारे म्हणतो, गुरुजी, माफी मागा."

"हात जोडुनी सारे म्हणतो, गुरुजी, माफी मागा."

प्रार्थना पुरी झाली. पोरांनी डोळे उघडले आणि आपण काय म्हटलं ते आठवायला लागली.

"ही काय प्रार्थना होती?" तायडे साहेबांनी मला विचारलं.

"खरं आहे ते, साहेब."

"कोणती मुलगी?"

कुणी बोट दाखवलं नाही. पण दुसरीची रांग आपोआप दोन्हीकडे सरकली आणि मधे उमी एकटी उरली.

"साहेब, तो प्रसाद होता," गुरुजी म्हणाले. "जबरदस्ती नव्हती. संस्कार... आणि या मुलांचं काय ऐकता? त्यांना काय कळतं? ती नुसती मागून म्हणतात."

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले. "नुसती मागून म्हणतात."

ते गुरुजींना घेऊन ऑफिसात गेले. दार लावलं. पाव तास आम्ही उन्हात उभे होतो. कुणी आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि शिस्त अशी की कुणी बसलंही नाही. मग दार उघडलं आणि गुरुजी एकटेच बाहेर आले. चालत दुसरीच्या रांगेपर्यंत गेले. उमीसमोर वाकले, जवळजवळ गुडघ्यावर.

"उमा," ते म्हणाले, "माझं चुकलं, बाळा. मी असं करायला नको होतं."

साहेबांनी सांगितलं म्हणून ते आले होते हे खरं, पण ते 'बाळा' साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी उमीपुढे हात जोडले. उमीने मान हलवली. दोनशे पोरं बघत होती.

मी ते सगळं डोळ्यांनी प्याले. खोटं कशाला सांगू, इतकं सुख मला पुढे लग्नातही झालं नाही, पोरगा झाला तेव्हाही नाही. तो वाकलेला पांढरा शर्ट अजून डोळ्यांसमोर आणला की माझं अंग हलकं होतं.

गुरुजींची जूनमध्ये बदली झाली, पार डोंगरापलीकडच्या गावात. आदर्श शाळा दुसऱ्याच कुठल्या तरी गावची ठरली. नव्या बाईंनी परिपाठात राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा एवढंच ठेवलं. पाटीपूजन शाळेतून गेलं ते गेलंच, ज्याला करायचं तो घरी करू लागला. सलीम मला म्हणाला, "देवका, आता व्हट नाई हालवा लागत." मी छाती काढून चालायचे.

पण गुरुजींनी माफी मागितली त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी नळावर गेले, तर तिथे चौथीच्या पोरी दोरीवर उड्या मारत होत्या. उडीच्या ठेक्यावर गात होत्या. चाल गोडच होती. ओळ चौथी होती. दोनदा म्हटल्यामुळे तेवढीच त्यांना पाठ झाली होती.

"भिजला फ्रॉक तिचा उभ्याने..."

फ्रॉकचं कुणालाच माहीत नव्हतं. वर्ग हसला होता तो तिचं भरलेलं तोंड बघून. उमीने पाटी पुढे धरली होती आणि शाळा सुटल्यावर शेवटचं पोर जाईपर्यंत ती तरटपट्टीवरून उठली नव्हती. ओढ्यात फ्रॉक धुताना तिने मला सांगितलं होतं, एकट्या मला. "आईलेबी सांगू नोको वं ताई." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती. आईने फ्रॉक ओला कशाने म्हणून विचारलं तेव्हा ओढ्यात पाय घसरला म्हणून मीच सांगितलं होतं. आणि त्या दुपारी ओळी जुळवताना मला 'तोंडात'ला जुळणारा शब्द हवा होता. 'वर्गात' सापडला तेव्हा मी मांडीवर थाप मारली होती.

घरी जाताना उमी माझ्यापासून दहा पावलं मागे चालत होती. ओढ्यापाशी मी थांबले.

"पाह्यलं ना? गुरुजीनं हात जोडले तुले."

तिने पायाने एक खडा पाण्यात ढकलला.

"आता बोल ना वं! आता कोनी तोंडात काही कोंबत नाई."

"मी सांगतलं होतं नोको सांगू म्हनून," ती म्हणाली. तीन महिन्यांत घराबाहेर तिचं हे पहिलं वाक्य. मग ती मला ओलांडून पुढे निघून गेली.

पोरांची चाल सुटत नव्हती. विहिरीवर, दुकानात, पोळ्याच्या तोरणाखाली, ती दिसली की कुणीतरी गुणगुणायचं. शब्दसुद्धा लागत नसत, नुसतं "ना ना ना" पुरे होतं. उमीने चौथीनंतर शाळा सोडली. बाबांनी समजावलं, आईने मारलं, मी पाया पडले, नाही म्हणजे नाही. बाबांनी तिला मशीनवर बसवलं. आज अकोल्याला तिचं ब्लाउजचं दुकान आहे, हाताखाली चार बायका आहेत. चांगलं चाललं आहे. माझ्याशी ती भांडली नाही, बोलणं टाकलं नाही, दिवाळीला साडी घेते, माझ्या पोरांना जीव लावते. फक्त त्या दिवसापासून तिने मला तिचं स्वतःचं काही सांगितलं नाही. तिचं लग्न ठरलं ते मला आईकडून कळलं. पहिलं मूल पोटातच गेलं, ते मला तिच्या शेजारणीकडून कळलं, आठ महिन्यांनी.

मागच्या महिन्यात गावाहून सलीमचा फोन आला. निंभोरकर गुरुजी गेले, शहाऐंशीचे होते. मी लगेच उमीला फोन लावला. पस्तीस वर्षं झाली तरी माझ्या आवाजात आनंद होता, तो मी लपवला नाही.

"गेला म्हातारा," मी म्हटलं.

"कोन?"

"निंभोरकर."

"गुरुजी म्हन ताई."

"कायचे गुरुजी? मी नाई माफ केलं त्याले. मरेपर्यंत नाई करनार."

"म्या तं तवाच केलं होतं." मागे तिच्या दुकानातली मशीनं चालू होती. "त्याईनं मागतली होती ना माफी. साऱ्याईसमोर."

"मीच मागाले लावली म्हनून!"

"हाव. तुनं त्याईले मागाले लावली," उमी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तुनं नाई मागतली पन."

तुझ्यासाठीच केलं ना गं मी ते, असं म्हणणार होते. पण त्या दोनदा म्हटलेल्या ओळीत ती कुठेच नव्हती, मी होते आणि गुरुजींचा थरथरणारा ओठ होता, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. उमीने फोन ठेवला नाही. वाट बघत होती. एक शब्द होता, तो मी दोनशे पोरांकडून सुरात म्हणवून घेतला होता, आणि आता माझ्या तोंडून फुटत नव्हता.

"जेवली का तू?" मी विचारलं.

"जेवली," ती म्हणाली.